संगणक म्हणतो तेच खरे काय?

गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांचे दप्तर आता संगणकावर जात आहे. देशातील ६३ हजार संस्थांसाठी केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. योजनेला विरोध करण्याचे कारण नाही. पण चर्चा होते ती यंत्राची. यंत्रापुढे बसणाऱ्या गटसचिवाचा विचार मात्र कोणी करीत नाही. हा विचार न केल्यास काय होते, ते आपल्या राज्याने २०१७ मध्ये पाहिले आहे.

त्या वर्षी जूनमध्ये राज्य सरकारने ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली. दीड लाखापर्यंतचे थकीत कर्ज माफ होणार होते. अर्ज ऑनलाइन, अंगठ्याचा ठसा यंत्रावर. ऐन हंगामात शेतकरी पती-पत्नी ‘आपले सरकार’ केंद्रांपुढे रांगेत उभे राहिले. दुसरीकडे बँकांना प्रत्येक खात्याची माहिती ६६ रकान्यांत भरून द्यायची होती. दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबरला, समारंभपूर्वक प्रमाणपत्रे वाटली गेली आणि लगेच गोंधळ उघड झाला. अनेक खात्यांवर एकच आधार क्रमांक निघाला, नावे व रकमा जुळेनात, संकेतस्थळावरील यादी काढून घ्यावी लागली. बँका सरकारकडे आणि सरकार बँकांकडे बोट दाखवू लागले.

खरे पाहता यात यंत्र बिघडलेच नव्हते. जे भरले तेच त्याने परत दिले. मर्यादित मुदतीत हजारो ओळी भरणारा कारकून रिकाम्या रकान्यात काहीतरी टाकून पुढे जाणारच, कारण रकाना रिकामा ठेवला तर फाइलच स्वीकारली जात नाही. हा त्याचा अप्रामाणिकपणा म्हणता येणार नाही; ‘माहिती उपलब्ध नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिण्याची सोयच ठेवली नसेल तर त्याने काय करावे?

नावांचा घोळ तर आपल्या वाचकांना सांगायलाच नको. सातबाऱ्यावर ‘शेख महंमद’, पासबुकात ‘शेख मो.’, आधारवर ‘मोहम्मद शेख’. गटसचिवाला हा माणूस एकच आहे हे ठाऊक असते, त्याच्या वडिलांचे नावही ठाऊक असते. संगणकाच्या लेखी मात्र ते तीन इसम आहेत. आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती दुरुस्तीचा अधिकार नाही!

या विलंबाची झळ बाजारालाही बसते. जुने खाते निरंक झाल्याशिवाय नवे पीककर्ज नाही. बुलढाण्याची जिल्हा मध्यवर्ती बँक तर नागपूर व वर्ध्याच्या बँकांप्रमाणे आधीच अडचणीत आलेली होती. अशा वेळी शेतकरी कृषी सेवा केंद्रात बियाणे-खत उधारीवर मागतो, आणि खामगाव-मलकापूरचा दुकानदार त्याची उधारी सांभाळीत बसतो.

विलायतेतील प्रकरण याहून भयंकर आहे. तेथील पोस्ट खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबप्रणाली बसविली. तिच्यातील दोषांमुळे हिशेबात खोटी तूट दिसू लागली. पोस्टमास्तर सांगत राहिले की पैसे आम्ही घेतले नाहीत. वरिष्ठ आणि न्यायालये म्हणत राहिली की संगणक खोटे बोलत नाही. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले, कित्येक तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. अखेर २०२४ मध्ये संसदेला कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

आपल्याकडे थोडे शहाणपण आले, हेही नमूद केले पाहिजे. डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत शेतकऱ्याकडून अर्ज मागविला नाही. बँकेच्या नोंदीवरून गावात यादी लावली, रक्कम पटली तरच अंगठा, न पटल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे तक्रार. म्हणजे पैसे पडण्याआधी ‘हे चूक आहे’ म्हणण्याची संधी माणसाला मिळाली.

हीच संधी सेवा संस्थांच्या नव्या प्रणालीत आहे काय? गटसचिवाला दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन भागणार नाही. निदान एक संपूर्ण हंगाम जुनी खतावणी व संगणक सोबत चालवावेत, आणि दोन्हींत फरक निघाल्यास सभासदाला थकबाकीदार ठरविण्यापूर्वी कागद तपासावा. जिल्ह्यातील सभासदांनी येत्या वार्षिक सभेत संचालकांना एवढे जरूर विचारावे: नोंद चुकली तर ती दुरुस्त कोण करणार, किती दिवसांत, आणि तोपर्यंत माझे कर्ज अडणार काय?