माळेगावचे घोडे आणि जवानांचे मन

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. तेथील घोड्यांच्या बाजारात जनावराची चाल, रंग आणि भोवरे यांवर तासन्‌तास खल चालतो. घोड्याचा एक उपयोग मात्र त्या बाजारात कोणी बोलून दाखवीत नाही. युद्धातून वा भीषण दुर्घटनेतून परतलेल्या माणसाचे मन थाऱ्यावर आणण्यासाठी घोड्याचे साहाय्य घेण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रुजली आहे. नांदेड जिल्ह्याने तिचा विचार करावा, पण डोळसपणे करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या उपचारात रपेटीला फारसे महत्त्व नाही. खरारा करणे, खूर साफ करणे, दोर धरून चार पावले चालविणे, एवढेच बहुधा काम असते. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. सावधपणा हेच त्याचे संरक्षण. माणसाचा चढलेला श्वास आणि अंगातला ताण तो चटकन ओळखतो व मागे सरतो. त्याला जवळ आणावयाचे तर आधी आपण शांत व्हावे लागते. शिवाय ‘काय घडले ते सांगा’ असे तो विचारीत नाही. ज्या खात्यांत मन मोकळे करणे म्हणजे दुबळेपणा समजला जातो, तेथे हा गुण लहान नव्हे.

आपल्याकडे अशा माणसांची वाण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या ढिगाऱ्यांतून प्रेते उपसणारे जवान, पोलीस आणि स्वयंसेवक होते. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत, १ मे २०१९ ला गडचिरोलीच्या जांभूळखेड्याजवळ पोलीस धारातीर्थी पडले. मृतांना मानवंदना मिळते, कुटुंबीयांना अनुदान मिळते, आणि ते योग्यच आहे. शेजारचा सहकारी गमावून जो जगला, त्याची निद्रानाशाची रात्र मात्र कोणत्याच हिशेबाच्या वहीत चढत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत हा खर्च नाहीसा झालेला नसतो, तो शासनाच्या खात्यातून त्याच्या बायकोच्या खात्यात गेलेला असतो.

पण घोड्याने खरोखर गुण येतो का? अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने ६३ माजी सैनिकांवर आठ आठवडे, दर आठवड्यास दीड तास असा प्रयोग केला आणि २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवळजवळ निम्म्या सैनिकांत ठळक सुधारणा दिसली. तीन महिन्यांनंतरही हे प्रमाण टिकून राहिले. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता. तेव्हा गुण घोड्याचा, मोकळ्या हवेचा की समदुःखी सोबत्यांचा, हे त्यावरून ठरत नाही. उत्साही मंडळी हा भाग सहसा गाळतात.

म्हणूनच शासनाने घोडे विकत घेऊन पागा बांधण्यास आमचा विरोध राहील. उपचार आठवड्यातून एक दिवस, आणि चंदी मात्र ३६५ दिवस! शिवाय इमारत म्हटली की उद्घाटन आले आणि उद्घाटनाबरोबर पुष्कळ गोष्टी संपतात. आपल्या भागातील घोडेवाल्यांची कमाई मुख्यतः लग्नसराईची. पावसाळ्यात घोडा बसून खातो. या रिकाम्या महिन्यांत तो भाड्याने घेतल्यास खर्च थोडा येईल आणि मालकालाही चार पैसे मिळतील. अर्थात बँड-फटाक्यांनी बिचकलेले जनावर येथे निरुपयोगी. निवड उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे द्यावी. ग्लँडर्ससारखा रोग घोड्यापासून माणसालाही होतो, तेव्हा तपासणी अपरिहार्य आहे. रुग्णांची जबाबदारी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभागाने घ्यावी आणि सर्वांची औषधे व समुपदेशन चालूच ठेवावे. एका गटाला घोड्यांसह आणि दुसऱ्याला तितकाच वेळ त्याच मैदानावर घोड्यांविना ठेवून निकाल जाहीर करावा, मग तो प्रतिकूल का असेना.

घोड्याच्या निमित्ताने डॉक्टरची जागा रिकामी ठेवण्याची सोय मात्र कोणी शोधू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क मानला आहे. किनवट-माहूरकडच्या निवृत्त जवानाला तज्ज्ञ गाठण्यासाठी बहुधा नांदेडची वाट धरावी लागते आणि त्यात त्याचा दिवस मोडतो. किनवटच्या सरकारी रुग्णालयात महिन्यातून दोन ठरलेल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ बसू लागला, तर तो खर्च घोड्यांच्या आधी मंजूर व्हावा.