टेकवायचे की टिपायचे?

पूर्वी दिवाळीत माणसे भेटली की एकमेकांच्या पुढे फराळाची ताटली करीत. हल्ली ताटली येण्यापूर्वी कार्ड येते. तेही कागदाचे असेल असे नाही. समोरचे गृहस्थ खिशातून एक काळीभोर, गुळगुळीत पट्टी काढतात आणि म्हणतात, "जरा मोबाइल पुढे करा." आपण बिचकत मोबाइल पुढे करावा, त्यांनी ती पट्टी त्याच्या पाठीला लावावी, आणि आपल्या पडद्यावर त्यांचे नाव, हुद्दा, दुकानाचा पत्ता नि हसरा फोटो हजर! दुसरे कोणी आपल्याच मोबाइलवर काळ्या-पांढऱ्या चौकटींची रांगोळी दाखवतात आणि "स्कॅन करा" म्हणतात. पहिल्या प्रकारात टॅप करायचे, दुसऱ्यात स्कॅन. मी आपले घरगुती मराठीत त्यांना टेकवणे आणि टिपणे म्हणतो.

माझ्या भाचीला यांतला एक प्रकार निवडायचा होता. तिने गेल्या वर्षी नोकरी सोडली आणि लहान दुकानदारांचे हिशेब लिहून देण्याचा, त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरून देण्याचा व्यवसाय सुरू केला. पहिल्या तारखेला पगार जमा होणे थांबले म्हणजे माणसाला प्रत्येक ओळख मोलाची वाटू लागते. व्यापाऱ्यांचे मेळावे असतील तिथे ती जाते. अशाच एका मेळाव्यात एका विक्रेत्याने तिला गाठले. धातूचे टेकवायचे कार्ड, किंमत दोन हजार, आणि दुसऱ्या वर्षापासून वर्गणी. "मामा, तूच सांग, टेकवायचे घेऊ की टिपायचे?" असे विचारीत ती रविवारी सकाळी घरी आली. अशा प्रश्नाला चहाच्या एका कपात उत्तर देता येत नाही.

टेकवायच्या कार्डाच्या पोटात तारेचे एक बारीक वेटोळे आणि तिळाएवढी चिप असते. बॅटरी नसते. मोबाइल जवळ आला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून त्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, आणि तेवढ्या उसन्या विजेवर चिप आपला निरोप सांगून मोकळी होते. बँकेचे टेकवून पैसे द्यायचे कार्डही याच जातीचे. या विद्येला एनएफसी म्हणतात. तिचे नियम ठरवणारी संस्था नोकिया, फिलिप्स आणि सोनी या तीन कंपन्यांनी 2004 साली स्थापन केली. अंतर मात्र जेमतेम दोन-चार सेंटिमीटरचे. त्यामुळे चारचौघांत एक गमतीचे दृश्य दिसते. कार्ड टेकवायचे कुठे, हे दोघांनाही ठाऊक नसते. आयफोनचा कान वरच्या कडेला, तर कित्येक अँड्रॉइडचा पाठीच्या मध्यावर. त्यात कुणाच्या मोबाइलला जाडजूड कव्हर, कुणाची ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद केलेली, आणि स्वस्तातल्या पुष्कळ मोबाइलांत ती मुळातच नसते. मग "इथे नाही, थोडे वर... नाही, खाली" असे करीत दोन प्रतिष्ठित गृहस्थ जणू एकमेकांच्या मोबाइलला इस्त्री करीत उभे राहतात.

टिपायच्या कोडची कुळकथा अधिक सुरस आहे. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या जपानच्या डेन्सो कंपनीतल्या मासाहिरो हारा यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 1994 साली तो तयार केला. कारखान्यात भागांची नोंद ठेवायला साधा बारकोड अपुरा पडत होता. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या 'गो' या पटावरच्या खेळावरून हारांना ही कल्पना सुचली. कंपनीकडे पेटंट होते, पण तिने कोडचा वापर सर्वांना मोकळा ठेवला, आणि म्हणूनच आज भाजीवाल्याच्या गाडीवरही तो लटकतो. तीन कोपऱ्यांतल्या त्या मोठ्या चौकोनांवरून कॅमेऱ्याला कोडची दिशा कळते, म्हणून तो उलटा धरला तरी चालतो. शिवाय त्यात दुरुस्तीची तजवीज असते. सर्वांत वरच्या प्रतीची घेतली तर सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो. लोणच्याच्या तेलाचा डाग पडला तरी कार्ड बाद होत नाही, असे मी भाचीला सांगितले. आमच्या घराण्याची कार्डे कुठे कुठे ठेवली जातात हे तिला ठाऊक आहे.

तिची गिऱ्हाइके कोण? किराणा, हार्डवेअर, स्टेशनरीवाले. बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. त्यांना टेकवण्याचा सराव नाही, पण यूपीआय 2016 साली आले तेव्हापासून गल्ल्यावरचा कोड टिपणे त्यांच्या अंगवळणी पडले आहे. तेव्हा टिपणे, असा निकाल मी देऊन टाकला असता आणि हा लेख इथेच आटोपला असता. पण मला वेगळीच शंका छळत होती.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीची गच्ची गळू लागली. सेक्रेटरींच्या खणात एका कंत्राटदाराचे देखणे कार्ड होते. जाड कागद, सोनेरी नाव, मागे कोड. बाकी काही नाही; नंबर छापणे बहुधा जुनाट वाटले असावे. सेक्रेटरींनी कोड टिपला, तर हे पान आता उपलब्ध नाही, असा इंग्रजी मजकूर आला. दोन दिवस शोधाशोध करून शेवटी काम दुसऱ्याला दिले. पहिल्या कंत्राटदाराची पुढे एका लग्नात गाठ पडली तेव्हा उलगडा झाला. कार्डवाल्या कंपनीची दुसऱ्या वर्षाची वर्गणी त्याने भरली नव्हती. त्याने वाटलेली शेकडो कार्डे एका रात्रीत मुकी झाली होती, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता! कोड टिपून हात हलवीत परतलेला माणूस तक्रार करायला तरी कुठे जाणार?

टेकवणे की टिपणे हा वाद मला म्हणूनच दुय्यम वाटतो. आधी पाहायचे ते हे की आपले नाव आणि नंबर नांदतात कुणाच्या घरी. कोड दोन प्रकारचे असतात. एकात नाव, नंबर, ईमेल त्या चौकटींतच भरलेले असते. कॅमेरा धरला की इंटरनेट नसले तरी 'हा नंबर साठवू का?' असे मोबाइल विचारतो. हा कोड मरत नाही. मात्र नंबर बदलला तर तो खोटा पडतो आणि कार्डे पुन्हा छापावी लागतात. दुसऱ्यात नुसता एक दुवा असतो, आणि तो कंपनीच्या पानावर नेतो. तिथला मजकूर केव्हाही बदलता येतो ही सोय खरीच, विक्रेते नेमकी तीच सांगतात. वर्गणी थांबली की काय होते, ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. ओळखायची युक्ती सोपी आहे. कोड टिपल्यावर साठवण्याचा प्रश्न न येता कुठल्या तरी कंपनीच्या नावाचा दुवा दिसला, तर समजावे की आपण भाडेकरू आहोत. टेकवायच्या कार्डांत तर बहुधा दुवाच असतो. त्यांतल्या लहान चिपांत एकूण जागाच 144 बाइट, आणि मराठीतले एकेक अक्षर किंवा काना-मात्रा तीन बाइट खाते. आडनाव ऐसपैस असेल तर पंचाईतच!

आणखी एक गोष्ट. टेकवायचे कार्ड मालक पुन्हा आपल्या खिशात घालतो. समोरचा 'साठवा' हे बटन दाबायला विसरला, की घरी जाताना त्याच्या हाती काही उरत नाही. कागदाचे कार्ड निदान पाकिटात राहते, त्याच्या मागे 'शनिवारी फोन करणे' असे पेन्सिलीने लिहिता येते. माझ्या मते ओळखीचे अर्धे काम ती पेन्सिल करते.

विक्रेत्याने भाचीला अजून एक आमिष दाखवले होते. कार्ड उघडताच समोरच्याचे नाव आणि नंबर मागणारा तक्ता येईल, आणि कोणी कितीदा पान उघडले याची नोंद राहील. हे मला मुळीच रुचले नाही. नमस्कार करायला आलेल्या माणसाची झडती घ्यायची म्हणजे काय! आपल्या संसदेने 2023 साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यावी, असे त्याचे सूत्र आहे. आणि जिच्या हाती दुकानदार आपल्या हिशेबाच्या वह्या सोपवणार, तिने तर इथे चार पावले जपूनच चालावे.

"मग टेकवायचे अगदीच नको?" भाचीने खट्टू होऊन विचारले. तसे काही नाही. मेळाव्यातल्या तरुण मंडळींत त्याचा रुबाब पडतो आणि रुबाबालाही धंद्यात किंमत असते. दोन हजारांची धातूची पट्टी घेण्याऐवजी तिने एक कोरी एनएफसी चिकटपट्टी आणली आणि डायरीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली. मोबाइलवरच्या फुकट ॲपने तीत स्वतःच्या संकेतस्थळाचा दुवा लिहिला. संकेतस्थळाच्या नावालाही दरसाल पैसे भरावे लागतात हे खरे, पण निदान ते तिच्या नावावर आहे. आतले बिऱ्हाड एका कंपनीकडून दुसरीकडे हलवले तरी पत्ता तोच राहतो. लिहून झाल्यावर चिप कुलूपबंद करायला मी सांगितले. तसे न केल्यास कुणीही आपल्या मोबाइलने तीवर भलताच दुवा लिहू शकतो. कुलूप एकदा लागले की सहसा उघडत नाही, म्हणून आत काय लिहिले ते तिने तीनदा तपासले.

आणि रोज वाटायला कागदाचे कार्ड. पुढे नाव, काम आणि ठळक टाइपात मोबाइल नंबर. मागे नाव-नंबर आतच भरलेला कोड. तो जिने स्वतः तयार केला. देवनागरीत नाव घातल्यावर चौकट गच्च भरली, म्हणून पत्ता वगळून नाव, नंबर आणि ईमेल एवढेच ठेवले. छापखान्याचा पहिला नमुना आला तो फिक्या पिवळ्यावर केशरी. दिवाळीला शोभेल असा होता, पण आमच्या मेव्हण्यांच्या जुन्या मोबाइलला काही केल्या दिसेना. कोडभोवती चार चौकटींएवढी मोकळी जागा लागते, तीही कारागिराने सुबक दिसावे म्हणून कापली होती. आता पांढऱ्यावर काळा, भोवती समास सोडून, असा दुसरा नमुना मंजूर झाला आहे. मागच्या बाजूला कोडखाली दोन ओळींची जागा कोरी ठेवली आहे, पेन्सिलीसाठी. पाचशे प्रती पाडव्याच्या आदल्या दिवशी मिळायच्या आहेत.