दंड आमचा, निर्णय कुणाचा?

"लहान मुलांना काय कळतंय?" हे वाक्य आपल्या घराघरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यात काही अन्याय आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. परंतु हेच वाक्य एखाद्या राष्ट्रीय मोहिमेचे अलिखित सूत्र होऊन बसते, तेव्हा मात्र त्याचा विचार करणे आवश्यक ठरते.

३ जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात १५ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींना कोरोनाची लस देण्यास प्रारंभ झाला. मी तेव्हा अकरावीत होतो. व्हरांड्यात रांग लागली. खिशात वडिलांची सही होती. नर्सबाईंनी डावा दंड पुढे करायला सांगितले आणि क्षणात काम झाले. आदल्या एप्रिलमध्ये माझे आजोबा कोरोनाने गेले होते. त्यामुळे मला लस हवीच होती. माझ्या बाकावरच्या मित्राच्या वडिलांचा मात्र लसीवर विश्वास नव्हता. तो आला नाही. पुढे कित्येक दिवस आम्ही त्याला 'भित्रा' म्हणून चिडवले. आज त्याची लाज वाटते. कारण माझे शौर्य माझ्या वडिलांच्या सहीचे होते आणि त्याची भीती त्याच्या वडिलांची होती. आम्हा दोघांनाही कुणी काही विचारले नव्हते. समजावून तर मुळीच सांगितले नव्हते!

सांगण्यासारखे काय होते? पुष्कळ होते. आम्हाला टोचलेली कोव्हॅक्सिन ही लस पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केलेला विषाणू निष्प्रभ करून बनविलेली होती. हा आजार मुलांना बहुधा सौम्य होतो, म्हणून लसीपासून त्यांना होणारा लाभ वृद्धांच्या मानाने थोडा. परंतु थोडा म्हणजे शून्य नव्हे. अशा वेळी तारतम्याने विचार करावा लागतो, आणि जाणकारांनीही तो केला. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या लसीकरण सल्लागार समितीने १२ ते १५ वर्षांच्या निरोगी मुलांना सरसकट लस देण्याची शिफारस केवळ आरोग्याच्या आधारावर करण्याचे नाकारले. दहाच दिवसांनी तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, शाळा बुडण्याचे नुकसानही जमेस धरून, एक मात्रा द्यावी असे सुचविले. तेथे दिल्या जाणाऱ्या फायझरच्या लसीने तरुण मुलांत क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, हेही उघडपणे मांडले गेले. असे वाद लोकांसमोर झाले म्हणून काही आकाश कोसळत नाही!

कुणी म्हणेल, साथीच्या धामधुमीत शंकासमाधानाला वेळ कुठून आणायचा? वेळ होता! टोचल्यानंतर आम्हाला अर्धा तास निरीक्षणासाठी बाकावर बसवून ठेवले होते. समजावून सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. फक्त तो सुईच्या आधी हवा होता.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचली गेली, ती अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावरच्या फोडातील लस घेऊन पुढे इतरांना टोचण्यात आले. त्या चिमुकलीला विचारणे शक्यच नव्हते. पण सोळा वर्षांच्या मुलालाही आपण तिच्याच पंक्तीला बसवावे काय? २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. सक्ती नको, हे योग्यच झाले. परंतु सक्ती नसणे निराळे आणि समजून उमजून होकार देणे निराळे.

माझा लसीला विरोध नाही; आजही मी ती आनंदाने टोचून घेईन. पालकांची सही अवश्य असावी. पण तिच्याशेजारी मुलाच्या सहीलाही जागा असावी, एवढेच माझे म्हणणे.

परवा त्या मित्राची मी क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, "अरे, मला टोचून घ्यायचं होतं. सुईची भीती नव्हती. बाबांना विचारायची होती."

पुढची साथ येईल तेव्हा आपणच कुणाचे तरी आईबाप असू. त्या वेळी आपल्या मुलांना विचारण्याची भीती वाटू नये, एवढे तरी आपण करू या!