धबधब्याची तालीम

पावसाने जोर धरला की रामबागेपासून लोकमान्यनगरापर्यंतच्या मराठी घरांत पाताळपाणीच्या सहलीची बोलणी सुरू होतात. महूपलीकडे चोरल नदी माळव्याचे पठार सोडून निमाडाकडे उडी घेते, तेथला हा धबधबा. पुऱ्या, बटाट्याची भाजी, शेव यांचे डबे भरले जातात, आजोबांसाठी सतरंजी घेतली जाते आणि मुलांना एकच ताकीद मिळते : पाण्याजवळ जाऊ नका. ही ताकीद पाळली जात नाही, हे ती देणाऱ्यालाही पुरते ठाऊक असते.

जुलै 2011 मध्ये याच पाताळपाणीच्या माथ्यावर एका कुटुंबातील माणसे अचानक वाढलेल्या लोंढ्यात अडकली आणि पाहता पाहता कड्यावरून खाली गेली. ते दृश्य साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जीव असेच गेले. या मंडळींना कसलेही साहस करावयाचे नव्हते. ती आपल्यासारखीच सहलीला गेली होती.

अशा प्रसंगानंतर आपल्याकडे फलक लागतात, कठडे उभे राहतात, चार दिवस शिपाई शिट्टी फुंकतो. माझ्या मते हा उपाय अर्धा आहे. ज्याला पाणी शिकवले नाही तो कठडा ओलांडणारच. म्हणून परदेशात ज्याला ‘कॅनियनिंग’ म्हणतात त्या खेळाकडे आपल्या कुटुंबवत्सल मंडळींनी जरा आदराने पाहावे, असे मला वाटते. वाटाड्यासोबत ओढ्याच्या वरच्या अंगाने घळीत शिरायचे आणि चालत, पोहत, कोठे दोराने तर कोठे खडकावरून घसरत खाली उतरायचे, असा हा प्रकार आहे. स्पेनमधील ग्वारा हा डोंगराळ मुलूख 1990 साली निसर्ग-उद्यान म्हणून राखला गेला. तेथील घळी या खेळासाठी प्रसिद्ध असून सोप्या घळींतून आईबाप मुलांना घेऊन उतरतात. घळीची अवघडाई तेथे तीन अंगांनी मोजतात : कड्याची उतरण, पाण्याचा जोर आणि मध्येच बाहेर पडण्यास लागणारा वेळ. नवख्याला कोठे न्यावे हे त्यावरून ठरते.

गवयाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. मी दरबारी गवयाच्या घरात वाढलो. तेथे षड्ज लागेपर्यंत पुढचा स्वर मिळत नसे. गुरू समोर बसून कान देई आणि चूक झाली की तेथेच थांबवी. या खेळात मला तीच शिस्त दिसते. एक उदाहरण देतो. कोरड्या कड्यावर माणूस दोरावर अडकला तर तो घटकाभर लोंबकळत राहील. पण धबधब्याच्या धारेखाली अडकला तर गुदमरून मरेल. म्हणून जाणता वाटाडा दोर असा बांधतो की वरूनच तो सैल सोडून शिष्याला हळूहळू खाली आणता यावे. डोंगरावर दोराच्या टोकाला गाठ मारणे सुरक्षित असते. वाहत्या पाण्यात मात्र तीच गाठ अडकून घात करू शकते. तेव्हा उत्तम गिर्यारोहक हा पाण्यातलाही गुरू असेलच असे नाही. ख्याल चांगला गातो म्हणून धृपदाची तालीम देता येत नाही, तसेच हे. आणि पाण्याच्या गर्जनेत शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून ही मंडळी ठरलेल्या शिट्ट्यांवर बोलतात. हे मला फार आवडले.

महाराष्ट्रात याचे जवळचे रूप सांदण दरीत आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरातील साम्रद गावाजवळ ही चिंचोळी घळ आहे. गावातील तरुण वाटाडे होतात, दोराने कडे उतरवतात आणि पावसाळ्यात ती वाट वर्ज्य मानली जाते. आपली मंडळी नेमकी त्याच महिन्यांत पाण्याकडे धावतात! आपला काळा पाषाण पाणी फारसे शोषत नाही. वरच्या रानात सर कोसळली की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. चोरलच्या खोऱ्यात घळ उतरण्याची तालीम व्हावी ती पाऊस सरल्यावर, ओढे निवळल्यावर, आणि त्या रानाची वाट जाणणाऱ्या गावकऱ्यांना रीतसर शिक्षण देऊन त्यांच्याच हाती.

सोबत वाटाडा आहे म्हणजे सारे निर्धास्त, असे मात्र कोणी समजू नये. 27 जुलै 1999 रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकनजवळच्या एका घळीत 21 माणसे बुडाली. त्यांत तीन वाटाडे होते. वर डोंगरात वादळ झाले आणि पाण्याची भिंत खाली आली. 2001 साली न्यायालयाने त्या धंद्यातील काही जणांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. अशा खेळांच्या चालकांसाठी देशभर लागू होणारा कायदा तेथे 2014 पासून अमलात आला, म्हणजे जवळजवळ पंधरा वर्षांनी. महाराष्ट्र सरकारने साहसी उपक्रमांसाठी धोरण आखले ते 2021 साली.

कायदा आपल्या गतीने येवो. पण पैसे देणारे आपण आहोत. मुलाला पाठवण्यापूर्वी आईबापांनी विचारावे : दोर वरून सोडता येतो काय? एका वाटाड्यामागे मुले किती? वरच्या अंगाच्या पावसाची खबर कोण ठेवतो? छायाचित्रे किती मिळतील, हे शेवटी विचारले तरी चालेल. आणि ढग पाहून वाटाड्याने सहल मोडली तर त्या दिवसाची त्याची बिदागी कापू नये. ती बुडेल या भीतीने तो एखाद्या दिवशी मुलांना घेऊन खाली उतरेल.