थरथर कोठून येते?

दुखणे एका जागी आणि लेप दुसऱ्याच जागी, हा प्रकार माणसांच्या बाबतीत घडतो तसाच यंत्रांच्या बाबतीतही घडतो. फरक इतकाच, की माणूस निदान कण्हून सांगतो; यंत्र केवळ थरथरते, आणि त्या थरथरीचा अर्थ लावण्याचे काम आपल्यावर सोडून देते. या महिन्यात अशाच एका थरथरीची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. गाडी आमच्या वडगावच्या घरातलीच, आमच्या दिवंगत वडीलबंधूंची स्टँडर्ड हेराल्ड.

तरुण वाचकांसाठी या गाडीची ओळख करून देणे अवश्य आहे. ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडात १९५९ साली बाजारात आली. तिची आकृती मिचेलॉटी या इटालियन रेखाकाराची. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने ती आपल्याकडे बनविण्यास प्रारंभ केला. ९४८ घन सेंटिमीटरचे छोटे इंजिन, दोन दारे, आणि बॉनेट असे की चाकांवरच्या पंखांसकट पुढचा सगळा भाग मगरीच्या जबड्यासारखा उघडावा. हिचे छत बोल्टांनी बसविलेले असते. ते काढले की उघडी गाडी तयार! इंग्लंडात याच सांगाड्याची लांबी कमी करून १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स गाडी काढण्यात आली. तेव्हा छत उतरविलेल्या हेराल्डला मध्यमवर्गीयांची स्पोर्ट्स गाडी म्हटले, तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आमच्या बंधूंनी ते छत उतरवून ठेविले ते कायमचेच. पावसाळ्यात गाडी ताडपत्रीखाली आणि उरलेले आठ महिने वाऱ्यावर, असा तिचा शिरस्ता होता.

बंधूंच्या मागे गाडी पुतण्याकडे आली. त्याने ती पुन्हा रस्त्यावर आणली खरी, परंतु तासाला पंचावन्न किलोमीटरची गती ओलांडली की गाडीच्या तळातून एक बारीक, दाट थरथर उठे. साठला ती ऐन भरात येई. आरसा धूसर होई, आसनातून पाठीच्या कण्यापर्यंत मुंग्या येत. वहिनींनी एकदा निपाणीपर्यंतचा प्रवास केला आणि घरी येऊन सांगितले, "भाऊजी, यांच्या वेळेला असं नव्हतं." त्यानंतर त्या गाडीत बसेनात.

पुतण्याने उपायांत कसूर केली नव्हती. चाकांचे बॅलन्सिंग झाले, दोन टायर नवे झाले, इंजिनाखालची रबरे बदलली, क्लचची तबकडीही बदलून झाली. दर वेळी कोणी तरी जाणता नवा भाग सुचवी, तो आणला जाई, आणि थरथर जागच्या जागी राही. शेवटी एक गिऱ्हाईक घरी येऊन गाडी पाहून गेले. पुतण्या आमच्याकडे आला तो सल्ला विचारायला नव्हे, तर संमती घ्यायला. "काका, आता देऊन टाकूया की. बाबांची म्हणून ठेवली, पण भीती वाटते."

आम्ही त्याच्याकडून आठ दिवस मागून घेतले, आणि त्या आठ दिवसांत एकही नवा भाग आणायचा नाही अशी अट घातली.

पहिले काम मोजमापाचे. जमिनीवर खडूची खूण करून चाकाचा एक फेरा होईतो गाडी ढकलली आणि टेप लावली. अंतर सुमारे एक मीटर ऐंशी सेंटिमीटर भरले. ताशी साठ म्हणजे मिनिटाला एक हजार मीटर. तेव्हा चाक मिनिटाला सुमारे ५५५ फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेते. मग एक मागचे चाक उचलून, दुसरे जमिनीवर ठेवून, उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरविले आणि मधला प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजले. (एकच चाक फिरत असता डिफरन्शियल गती निम्मी करते, म्हणून दोन फेरे.) शाफ्ट पाचांना थोडा कमी फिरला. म्हणजे ताशी साठला शाफ्टचे सेकंदाला सुमारे पंचेचाळीस फेरे. टॉप गिअरमध्ये इंजिनही तितक्याच वेगाने फिरत असते, आणि तेथेच सारा घोळ होतो: त्या गिअरमध्ये इंजिन कापते की शाफ्ट, हे केवळ अंगाला जाणवून कळत नाही.

म्हणून दुसरे काम, एकेकास वेगळे काढण्याचे. उभ्या गाडीत न्यूट्रलवर इंजिन हळूहळू चढवीत नेले. कोठेही थरथर नाही. मग काकतीच्या दिशेने हमरस्त्यावर, रहदारी नसलेली वेळ साधून, ताशी साठला टॉपमधून तिसरा गिअर घेतला. आता गाडीची गती तीच, पण इंजिन अधिक वेगाने फिरणार. थरथर होती तशीच आणि त्याच गतीला. मग त्याच गतीत गिअर काढून गाडी सुटी सोडली. इंजिन मंद झाले. थरथर तशीच राहिली. इंजिन आणि क्लच दोघेही निर्दोष सुटले. क्लचच्या तबकडीवर घातलेले पैसे वाया गेले होते, हेही त्याच वेळी सिद्ध झाले. ही परीक्षा बिनखर्चाची आहे. ती आधी का करू नये, हे कोडे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही.

आता उरले शाफ्ट, डिफरन्शियल, दोन्ही मागचे अर्धे एक्सल आणि चाके. येथे आम्ही स्वतः घसरलो, ते कबूल करणे प्राप्त आहे. हेराल्डचे मागचे एक्सल अखंड नसतात. डिफरन्शियल सांगाड्याला पक्के, आणि दोन्ही बाजूंचे अर्धे एक्सल आतल्या टोकाशी एकेका जॉइंटवर पंखांसारखे खालीवर होतात. आपल्याकडच्या रस्त्यांवर आणि मिस्त्रींमध्ये ही रचना फारशी लोकप्रिय झाली नाही. १९७२ साली आलेल्या स्टँडर्ड गझेलमध्ये ती सोडून अखंड एक्सल घातला गेला. ही सारी बदनामी डोक्यात असल्याने आम्ही सरळ एक्सलवर संशय घेतला, आणि मागचा भाग घोडींवर चढवून चाके हवेत फिरवून पाहिली. गाडी भयंकर हादरली! दोन दिवस आम्ही त्या हादऱ्यामागे लागलो. मग ध्यानात आले, की हवेत चाके लोंबकळत असता ते एक्सल भलत्याच कोनात खाली झुकतात आणि जॉइंट तिरपे होऊन असा हादरा देतातच. रस्त्यावर भार आल्यावर तो कोन राहत नाही. म्हणजे आम्ही परीक्षा घेण्याच्या भरात नवा रोग निर्माण केला होता.

त्या संध्याकाळी आमचे शेजारी अंगणात आले. वडगाव हे विणकरांचे गाव. या गृहस्थांचे आयुष्य मागापुढे गेलेले. त्यांना गाडीत बसवून एक फेरी मारली. उतरल्यावर ते म्हणाले, "चाकाचं हिसकणं मोजता येतंय बघा, मागासारखं. ह्यो तर घुमतोय. बारीक काय तरी लई जोरात फिरतंय." सेकंदाला नऊ हेलकावे अंगाला सुटे सुटे जाणवतात, पंचेचाळीस झाले की त्यांचा गुंजारव होतो. आम्ही खडूने मोजलेली गोष्ट त्यांनी कानाने सांगितली.

पुतण्याने यावर आजच्या काळाची साक्ष काढली. मोबाइलमध्ये कंप मोजण्याची सोय असते. तो आसनाच्या चौकटीला घट्ट बांधून ताशी साठला फेरी मारली. आलेखात एक उंच शिखर उठले, सेकंदाला पंचेचाळिसाच्या आसपास. नऊपाशी काही नाही, आणि महत्त्वाचे म्हणजे नव्वदपाशीही नाही.

नव्वदाचे महत्त्व काय? शाफ्टच्या टोकाला युनिव्हर्सल जॉइंट असतो, ज्याला आपले मिस्त्री नुसते 'क्रॉस' म्हणतात: दोन चिमटे आणि त्यांना जोडणारे अधिकचिन्हासारखे पोलादी फूल. कार्डानो आणि हूक या युरोपीय पंडितांची नावे या जोडाशी निगडित आहेत. हा जोड तिरपा फिरला, की पुढची गती एका फेऱ्यात दोन वेळा किंचित वाढते आणि दोन वेळा किंचित घटते. दुसऱ्या टोकाचा जोड तितक्याच कोनात आणि चिमटे एका रेषेत असतील, तर तो ही चढउतार पुसून टाकतो. तेव्हा कोनाचा दोष फेऱ्याला दोन वेळा, म्हणजे येथे नव्वद वेळा, बोलतो. फेऱ्याला एकदाच बोलणारा दोष वेगळा: वजन एका बाजूस अधिक आहे, नाही तर शाफ्ट मध्य सोडून फिरतो आहे.

मग गाडी पुन्हा घोडींवर घेतली, इंजिन बंद ठेवून. शाफ्टला डायल गेज टेकविला आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरविला. मागच्या टोकाशी काटा जेमतेम हलला. पुढच्या टोकाशी तो पूर्ण एक मिलिमीटर फिरला. म्हणजे मध्य अर्ध्या मिलिमीटरने ढळलेला. एवढ्याशाने काय होते, असे वाटेल. त्या टोकावर शाफ्टचे अडीच किलो वजन आहे असे धरले, तर सेकंदाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगात तेथे सुमारे दहा किलोचा ओढा निर्माण होतो, आणि तो प्रत्येक फेऱ्यात चारी दिशांना फिरतो. गती दुप्पट झाली की ओढा चौपट. गाडी कापणार नाही तर काय करणार?

फ्लँजवर आणि शाफ्टवर रंगाची खूण करून (जसा होता तसाच परत बसावा म्हणून) चार बोल्ट सोडले आणि शाफ्ट खाली घेतला. पुढचा क्रॉस नवाच दिसत होता. पुतण्याला आठवले, की गाडी सुरू केली तेव्हा एका कारखान्यात तो बदलून घेतला होता. क्रॉसच्या चार टोकांवर चार वाट्या असतात. प्रत्येक वाटीत सुईसारख्या बारीक रोलरांची कडी, आणि वाटी निसटू नये म्हणून खाचेत बसणारी सर्क्लिप. तीन सर्क्लिपा होत्या. चौथी नव्हतीच. तिच्या जागी चिमट्याच्या कडेला पंचाचे ठोके मारून वाटी कशीबशी अडकविलेली होती. वाटी उपसून पाहिली, तेव्हा एक सुई तळाशी आडवी पडलेली सापडली. सारा उलगडा झाला. वाटी दाबताना सुई आडवी पडली. वाटी दोनेक मिलिमीटर वर राहिली. सर्क्लिपला खाच मिळेना. तेव्हा कारागिराने ठोके मारून वेळ भागविली. क्रॉस मध्यावर बसला नाही, आणि ठोके झिजतील तशी वाटी इंचाइंचाने नव्हे तरी केसाकेसाने बाहेर सरकत होती.

आम्ही ती वाटी पुतण्याच्या तळहातावर ठेविली. ती पूर्ण निसटली असती तर शाफ्टचे पुढचे टोक रस्त्यावर पडले असते, आणि धावत्या गाडीखाली पुढून पडलेला शाफ्ट जमिनीत रुतून गाडी उचलू शकतो. वंटमुरीच्या घाटात हे झाले असते तर काय, हे दोघांपैकी कोणी बोलले नाही. आपण जिला केवळ त्रास समजत होतो ती सूचना होती; आणि ती गाडी आहे तशी परक्याला विकणे म्हणजे हा धोका त्याच्या घरी पाठविणे ठरले असते.

दुरुस्ती त्या मानाने सोपी. चिमट्यावरचे ठोके कानशीने साफ केले, खाचा स्वच्छ केल्या. नव्या क्रॉसच्या वाट्यांत सुया दाट ग्रीसने चिकटवून, फूल आतून धरून, वाट्या शेगड्यात हळूहळू समोरासमोर दाबल्या. म्हणजे सुई पडण्यास जागाच राहत नाही. चारी सर्क्लिपा एकाच जाडीच्या घातल्या. जोड बोटाने ढकलला तरी सर्व बाजूंना सारखा हलला पाहिजे, ही शेवटची कसोटी. मग शाफ्ट उद्यमबागेत नेला. याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले होते. पुढे १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीस गेले, पण लोखंडाशी या शहराचे नाते सुटले नाही, आणि ओतकाम व लेथकाम येथे आजही जोमात आहे. बॅलन्सिंग यंत्रावर शाफ्ट फिरवून त्याच्या नळीवर अंगठ्याच्या नखाएवढा पत्र्याचा तुकडा टाचून देण्यात आला. परत बसविल्यावर गेजचा काटा एक मिलिमीटराऐवजी त्याच्या सहाव्या हिश्शाइतका हलला.

काकतीच्या रस्त्यावर ताशी साठला आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसला. ऐंशीला किंचित हेलकावा आहे. तो सुटा सुटा मोजता येतो, म्हणजे चाकाचा, आणि त्याचे पाहता येईल. गिऱ्हाइकाला निरोप गेला. पुढच्या रविवारी वहिनी पुढच्या आसनावर बसल्या, निपाणीपर्यंत काही बोलल्या नाहीत, आणि तेथे उतरताना त्यांनी दार नेहमीपेक्षा हलक्या हाताने लावले.

जुनी गाडी बाळगणाऱ्या वाचकांना आमचे सांगणे थोडकेच आहे. थरथर इंजिनाच्या वेगाबरोबर बदलते की गाडीच्या गतीबरोबर, हे प्रथम पाहा. ती मोजता येण्याजोगी आहे की गुंजणारी, हे त्यानंतर. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलण्याआधी मोजा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. घोडी लावा, आणि चाके हवेत फिरत असता तर मुळीच जवळ जाऊ नका. आणि हेराल्डच असेल, तर पुढच्या चाकांच्या खालच्या ट्रनियनमध्ये ग्रीस नव्हे, गिअरचे जाड तेल घालीत जा. तेथे तेलाअभावी गंज चढला तर मोडण्याआधी थरथरीची सूचनादेखील मिळेलच असे नाही.