टँकरच्या खेपा आणि पाण्याचा ताळा

मराठा आरक्षणासाठीच्या 2023 च्या उपोषणापासून अंतरवाली सराटीचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. परंतु ज्या अंबड तालुक्यात हे गाव वसले आहे आणि ज्यातून जायकवाडीचा डावा कालवा वाहतो, त्याच तालुक्यातील गावांना अवर्षणाच्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि त्या टँकरचा हिशेब सरकारदप्तरी मुख्यतः खेपांच्या संख्येने रुजू होतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. टँकर कोठे फिरला हे उपग्रहाच्या साहाय्याने कळण्याची तजवीज झाली आहे, ती योग्यच. त्याच्या पोटात पाणी किती होते, हे मात्र त्या यंत्रास ठाऊक नसते.

उभ्या पिंपाचे मोजमाप सोपे असते: 56 सेंटिमीटर व्यासाच्या पिंपात दर सेंटिमीटर उंचीला सुमारे अडीच लिटर पाणी मावते, मग ते सेंटिमीटर तळाचे असो वा काठाजवळचे. टँकरची टाकी म्हणजे आडवी निजलेली वृत्तचिती, आणि तिचा छेद तळाशी व माथ्याशी निमुळता होत असल्यामुळे, एका वस्तीवर पाणी वाटून 12,000 लिटरचा टँकर पुढे निघाला आणि आत घातलेली काठी पाव उंचीपर्यंत भिजली, तर 3,000 लिटर उरले असा जो अंदाज कोणीही सहज बांधील, तो साडेसहाशे लिटरांनी चुकतो. टंचाईकाळातील माणशी 20 लिटर हे प्रमाण धरले, तर बत्तीस माणसांचे दिवसाचे पाणी केवळ अंदाजातच आटते. छेद लंबवर्तुळाकार असला तरी हे प्रमाण तेच राहते.

जेथे टँकर सार्वजनिक विहिरीत रिता होतो, तेथे तर ताळा पाहण्यास कोणा अभियंत्याची गरज नाही. परिघाच्या चौथ्या भागास व्यासाने गुणावे म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ येते, आणि त्यास खोलीने गुणावे म्हणजे घनफळ, ही रीत भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘लीलावती’त दिली. त्या रीतीने पाहता, सहा मीटर व्यासाच्या विहिरीत 12,000 लिटर पाणी पडले, तर पातळी 42 सेंटिमीटरांनी, म्हणजे हातभराला किंचित कमी, चढलीच पाहिजे. कोरड्या तळात काही पाणी मुरते, हा आक्षेप खरा आहे, पण तो आधीच ओलावलेल्या विहिरीस लागू पडत नाही, आणि पडला तरी पातळी निम्मीच का चढली याचे उत्तर त्यात मिळत नाही.

तेव्हा प्रत्येक टँकरबरोबर लिटरांच्या खुणा असलेली काठी असावी, विहिरीच्या बांधकामावर पट्टी रंगवावी, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने नोंदवहीत खेपेच्या रकान्याशेजारी पातळीचा रकाना आखून तो गावकऱ्यांसमक्ष भरावा. कंत्राटदाराचे देयक मंजूर करताना तहसिलीने आधी हाच रकाना वाचावा.