मुक्या दात्यांचे रक्त

माणसांनाच पुरेसे रक्त मिळत नसताना कुत्र्यांच्या रक्तदानाची चर्चा कशाला, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नात एक गफलत आहे. कुत्र्याला माणसाचे रक्त चालत नाही, कुत्र्याचेच लागते. तेव्हा त्याला मिळालेल्या रक्तामुळे कोणाही रुग्णाचा वाटा कमी होत नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे. ज्याला होय वा नाही म्हणता येत नाही, त्याचे रक्त कोणी व कोणत्या अटींवर घ्यावे?

गरज आहे, याविषयी वाद नाही. गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसिया रोगात कुत्र्याच्या तांबड्या पेशी नष्ट होतात. उंदरांसाठी ठेवलेले विष पोटात गेले, तर पुष्कळदा रक्त गोठण्याची क्रियाच बंद पडते. वाहनाखाली सापडलेल्या कुत्र्याचे तर सांगावयास नकोच. अशा वेळी रक्त रोग बरा करीत नाही. औषधाला आपले काम करण्यास अवधी मिळवून देते. जीव त्या अवधीवरच अवलंबून असतो.

हे शास्त्र जुने आहे. १६६५ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड लोअर याने एका कुत्र्याचे रक्त दुसऱ्याच्या शरीरात घातले. माणसावरील प्रयोग १६६७ साली झाले. म्हणजे या विद्येत कुत्रा माणसाचा ऋणको नव्हे, धनको आहे. कुत्र्यांनाही रक्तगट असतात. त्यांतील ‘डीईए १’ या महत्त्वाच्या गटाविरुद्धची प्रतिपिंडे कुत्र्यात सहसा उपजत नसतात. म्हणून पहिल्या वेळी न जुळणारे रक्तही बहुधा निभावून जाते. दुसऱ्या वेळी मात्र तेच घातक ठरू शकते. पहिल्या वेळच्या यशावर विसंबून तपासणी टाळणे, हा म्हणूनच शहाणपणा नव्हे.

आता व्यवस्थेचा प्रश्न. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, विकत घेतलेल्या रक्तापेक्षा दान केलेले रक्त समाजाला अधिक सुरक्षित आणि स्वस्त पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर भारतात १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. मग मुक्या दात्यांना निराळा न्याय का? कॅलिफोर्नियात कित्येक वर्षे केवळ रक्तासाठी बंदिस्त ठेवलेल्या कुत्र्यांवरच व्यापारी रक्तपेढ्या चालत असत. घरच्या कुत्र्यांच्या ऐच्छिक दानाला तेथे कायद्याने वाट करून दिली, ती २०२१ साली. ब्रिटनमध्ये २००७ पासून धर्मादाय रक्तपेढी चालते. मालकाने आणलेला, २५ किलोंहून अधिक वजनाचा, १ ते ८ वर्षे वयाचा निरोगी व शांत कुत्रा एका वेळी सुमारे ४५० मिलिलिटर रक्त देतो. घटक वेगळे केल्यास त्यातून चार कुत्र्यांपर्यंत मदत पोहोचू शकते.

आपल्याकडे चेन्नई, लुधियाना येथील पशुवैद्यकीय विद्यापीठांत अशी सोय आहे. केंद्र सरकारने २०२५ साली प्राण्यांच्या रक्तपेढ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वेही दिली आहेत. परंतु बहुतेक गावांत आजही मालकाला ऐन वेळी ओळखीपाळखीच्या घरी कुत्रा शोधीत फिरावे लागते. जेथे निकड मोठी आणि पुरवठा अनिश्चित, तेथे दलाल येतोच. आणि दलालाला सर्वांत सोपा पुरवठा म्हणजे रस्त्यावरचा बेवारशी कुत्रा. हा धोका केवळ निषेधाने टळणार नाही. प्रत्येक पशुवैद्यकीय महाविद्यालयाने तपासलेल्या दात्यांची नोंदवही ठेवावी, दोन दानांमधील अंतर काटेकोरपणे पाळावे, आणि मालकाची संमती असली तरी अंग काढून घेणाऱ्या कुत्र्याला सोडून द्यावे. त्याचा नकार व्यक्त करण्याची भाषा तेवढीच आहे.

रक्ताच्या मोबदल्यात कुत्रा काही मागत नाही. म्हणूनच त्याचे हिशेब माणसाने अधिक चोख ठेवले पाहिजेत.